दोन किलो पालक

धरमपेठच्या बाजारात रुख्मिणी सहा वर्षं कुमुदताईंना रोज दोन किलो पालक तोलून देत होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुमुदताई त्या पानांतले हरितकण बर्फात वेगळे काढत, त्यात विषाचे थेंब सोडत आणि उजेडात त्यांचं अन्न बनवणं कधी थांबतं ते पाहत. रुख्मिणीला हे ठाऊक नव्हतं. "एवढी भाजी? घरी लेकरं लय दिसतात!" पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, आणि एका खोलीत एकट्या राहणाऱ्या कुमुदताई "हो" म्हणून बसल्या होत्या. आजही रुख्मिणीनं विचारलं, "धाकट्याचा खोकला गेला काय वं बाई?" "गेला. आता नीट जेवतो." "मंग हे जुडी त्याले माह्याकडून." कुमुदताईंनी ती जुडी पिशवीत वेगळी, जपून ठेवली. वळणावर गाय उभीच होती. त्यांनी दोन किलो पालक तिच्यापुढे टाकला. प्रयोग संपून महिना उलटला होता.