पेशींची भूक

"परत मोज," जयंत दिघे म्हणाला.

"मोजलंय. परत परत मोजलंय," गिरिजा म्हणाली.

जयंत त्या औषध कंपनीचा डायरेक्टर. गुडगावच्या मोहरीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या, त्यातलीच एक त्यांची. कॅन्सरच्या पेशींना साखरेची भयंकर भूक असते. ती भूक मारणारं औषध आपल्याकडे आहे, असं कंपनीने जगाला सांगून टाकलं होतं.

गिरिजाने बश्यांत वाढवलेल्या पेशींना किरणोत्सारी साखर घातली होती. काही बश्यांत औषध, काहींत नाही. पेशींच्या पोटात किती साखर गेली, ते यंत्र किरणं मोजून सांगत होतं. आकडे दोन्हीकडे सारखेच. पेशी मजेत जेवत होत्या.

"यंत्र बिघडलं असेल."

"दुसऱ्या लॅबमध्ये नेऊन मोजलं."

जयंतने दार लोटलं. "अगं यार, पहिले प्रयोग छान आले होते ना? तेच दाखवू."

"तेव्हा औषध इतकं ओतलं होतं की पेशी मेल्याच होत्या. मेलेलं कोण जेवतं, जयंत?"

"या औषधापायी कुणाची किती वर्षं गेलीत, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. आणि पेशंट चालू उपचार सोडून आपल्याकडे येणार आहेत, ते तुला ठाऊक आहे?"

"उद्या तोंड उघडलंस तर नोकरी गेली समज."

"समजले."

दुसऱ्या दिवशी दिल्लीहून कॅन्सरच्या डॉक्टर आल्या, अरुणा भाटिया. औषध त्यांच्याच पेशंटना द्यायचं होतं. जयंतने पडद्यावर जुने आलेख दाखवले. वर नाव फक्त कंपनीचं.

गिरिजा उठून उभी राहिली. "हे आलेख मेलेल्या पेशींचे आहेत. जिवंत पेशींवर औषध चालत नाही."

"मॅडम, बसा," जयंत दातओठ खात म्हणाला.

ती बसली नाही. तिने नवे आकडे डॉक्टरांपुढे सरकवले. भाटियांनी ते सावकाश वाचले, चष्मा काढला.

"तुम्ही एका माणसाच्या जन्माच्या कामावर पाणी फिरवताय," त्या म्हणाल्या. "ज्याने हे औषध शोधलं, त्याला निदान विचारलंत का?"

"स्वतःलाच विचारलं," गिरिजा म्हणाली. "काल खूप रडले मी. मग आकडे घेऊन इथे आले."