अलगद मिटणारी दारं

स्वयंपाकघर नवं करून घेताना अल्माबाईंची अट एकच होती. मेपलच्या लाकडाची कपाटं कशीही कर, पण त्यांची दारं आपटता कामा नयेत.

रॉयडन सुतार मापं घेता घेता हसला. "अलगद मिटणाऱ्या बिजागऱ्या घरात पोरंबाळं असलेली माणसं मागतात. तुम्ही तर एकट्याच राहता. मग दारं आपटतंय तरी कोण?"

"तू आपली मापं बघ," म्हणत बाईंनी त्याच्यापुढे कॉफी ठेवली. नवरा व्हर्नन वारल्यापासून त्यांना धड झोप नाही, हे गावाला ठाऊक होतं. रॉयडन पुन्हा मापं घ्यायला लागला.

काम झकास उतरलं. दार कितीही जोरात ढकला, शेवटच्या बोटभर अंतरात ते आपसूक सावकाश मिटायचं.

पंधरवड्यानं बाईंचा फोन आला. "माझ्या जुन्या बिजागऱ्या टाकून नाही ना दिल्यास?"

"आहेत की. का, नवी दारं वाजतायत?"

"छे रे. घर अगदी चिडीचूप झालंय. पण आता व्हर्नन पहाटे कप काढायला येतो की नाही, ते मला कळायचं कसं?"