लेकीचा वाटा

रिपोर्ट डॉक्टरांच्या हातात होता आणि दत्तरावांची नजर डॉक्टरांच्या कपाळावर. तिथं आठी पडते का, एवढंच ते बघत होते.

कॅन्सर गुदाशयाचा, म्हणजे गावात सांगायची सोय नाही अशा जागचा. झरी गावात त्यांनी ‘पोटाचं दुखणं’ म्हणून सांगितलं होतं आणि झरीनंही सभ्यपणे ते पोटाचंच धरलं होतं.

शेजारी लेक मंजुषा, मांडीवर फायलींची पिशवी घेऊन. परभणीच्या या दवाखान्यात प्रत्येक खेपेला तीच सासरहून येई. मुलगा बालाजी रानात होता. सोयाबीनची मळणी चालली होती आणि मळणीयंत्र काही बापाच्या रिपोर्टासाठी थांबत नाही.

“काका, बातमी चांगली आहे,” डॉ. अर्पिता म्हणाल्या. “तुमच्या गाठीच्या जनुकांत एक खूण सापडलीय. अशा गाठी नेहमीच्या केमोला फारशा जुमानत नाहीत. पण शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी इंजेक्शनं आहेत, त्यांनी बऱ्याचदा विरघळतात. तसं झालं तर ऑपरेशनच टळेल.”

“म्हंजे पोटाला ती शौचाची पिशवी लावायची...”

“बहुतेक लागणार नाही.”

दत्तराव खुर्चीत ऐसपैस झाले. पिशवी लावून पंगतीत मांडी कशी घालायची, या चिंतेनं त्यांची झोप उडाली होती. “बघ मंजे! गाठ बी आपल्याच वळणाची हाय. दमदाटीला ऐकत न्हाई, गोडीनं ऐकती.”

डॉक्टर हसल्या, पण पान उलटलं. “एक सांगायचंय. ही खूण नुसती गाठीत नाही, तुमच्या रक्तातही आहे. जन्मापासूनची. घरात आणखी कुणाला असं काही झालं होतं?”

“छ्या! आमचे वडील तर पोटाच्या दुखण्यानं गेले. आत्या बी पोटाच्याच...”

दत्तराव थांबले. झरी पूर्वीपासूनच सभ्य होती.

“मग मुलांचं रक्त तपासायला हवं. उतरण्याची शक्यता निम्मी असते. आधी कळलं तर वेळोवेळी दुर्बिणीनं तपासता येतं, पुढचं बरंच टाळता येतं.”

“बालाजीला सांगतो.”

“दोघांनाही, काका. मुलगा काय, मुलगी काय. दोघांना सारखंच.”

“न्हाई, न्हाई!” दत्तराव एकदम पुढं सरकले. “हिचा काय संबंध न्हाई, मॅडम. हिनं हक्कसोड करून दिलाय.”

हक्कसोडीत बहिणीनं भावासाठी वडिलोपार्जित जमीन सोडायची असते, भावानं तिला साडी घ्यायची असते आणि दोघांनी समाधान मानायचं असतं. मंजुषाला हिरवी मिळाली होती.

“खरं सांगायलोय, मॅडम. मशीनवर अंगठा दिलाय हिनं. फोटो निघालाय. राजीखुशीनं सोडलंय सगळं. वडिलांकडचं काईच न्हाई हिच्याकडं.” त्यांनी लेकीकडं पाहिलं. “काईच न्हाई दिलं मी हिला.”

मंजुषानं फायलींची पिशवी बापाच्या मांडीवर ठेवली.

“असू द्या, अण्णा. तेवढं तरी बरोबरीनं आलं असंल तर बघू.” आणि तिनं बाही वर केली.

दत्तरावांनी बालाजीला फोन लावला. मळणी उरकली की बघू, म्हणाला. मागं यंत्र धडधडत होतं.

नर्सनं सुई काढून कापसाचा बोळा ठेवला. तो दाबायला मंजुषानं हात नेला, तोवर दत्तरावांनी त्यावर आपला अंगठा टेकवला होता. नर्स नळीवर नाव घालून गेली. पुढचा पेशंट आत आला, उभा राहिला.

“अण्णा, थांबलंय रक्त. सोडा आता.”

दत्तरावांनी अंगठा काढला नाही.