खिरापत

बाळकुमला राहायला गेल्यापासून हेमा डोंबिवलीला यायची ती फक्त नवरात्रातल्या भोंडल्याला, विनिताला भेटायला. लग्न होऊन डोंबिवलीत नवी आली तेव्हा खिरापतीचा बंद डबा वाजवून तिने विनिताची आलेपाकाची वडी पहिल्या फटक्यात ओळखली, आणि तिथेच दोघींचं सूत जुळलं. यंदा गणपतीत विनिता वारली. भोंडल्याचा फेर संपला आणि तिच्या लेकीने तोच पितळी डबा पुढे केला. "आईने आजारपणातच करून ठेवलंय, मावशी. म्हणालेली, हेमाने ओळखल्याशिवाय उघडायचं नाही." हेमाने डबा कानाशी धरून हलवला. आवाज आलेपाकाचाच होता. "चिवडा?" तिने विचारलं. "नाही," लेक म्हणाली. "शंकरपाळे?" "नाही." "मग करंज्या." बायका हसायला लागल्या. "हेमाताई, यंदा हरलात. पोरी, उघड डबा." हेमाने डबा पदराआड पोटाशी घट्ट धरला. "हरले नाही अजून," ती म्हणाली. "राहू द्या बंद. पुढच्या वर्षी ओळखेन."