गाळलेली गोष्ट

“दोन बॉम्ब पडले, जपानने शरणागती पत्करली आणि महायुद्ध संपलं,” म्हणत सातवीतल्या ईशानीने पाठांतर पूर्ण केलं. सभागृहात टाळ्या पडल्या. तो उतारा मालिनीताई गुर्जरांनी मुलांसाठी लिहिलेल्या जगाच्या इतिहासातला होता. म्हणूनच बक्षीस द्यायला शाळेने त्यांना बोलावलं होतं.

शेजारी बसलेल्या दुसऱ्या पाहुण्या, ओकादाबाई, टाळ्या वाजवत नव्हत्या. पुण्यात चाळीस वर्षं जपानी शिकवून त्यांची मराठी चांगली मुरली होती.

“माझी ताई तेव्हा हिरोशिमात होती,” त्या हळूच म्हणाल्या. “आग पसरू नये म्हणून पाडलेल्या घरांची लाकडं उचलायला त्या सकाळी शाळेने मुलांना नेलं होतं. बारा वर्षांची होती. आईला ती सापडलीच नाही. तुम्हाला त्या मुलांबद्दल माहीत नव्हतं का?”

‘नव्हतं’ म्हणणं सोपं होतं.

“माहीत होतं,” मालिनीताई म्हणाल्या. “लिहिलंही होतं. मुलं घाबरतील, पालक पुस्तक घेणार नाहीत असं वाटलं, म्हणून मीच काढून टाकलं.”

ओकादाबाईंनी नुसती मान हलवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बक्षिसासाठी ईशानीचं नाव पुकारलं गेलं. मालिनीताईंनी आधी माईक हातात घेतला आणि ओकादाबाईंच्या ताईची हकीकत मुलांना सांगितली.

“मग मी चुकीचं पाठ केलं का?” ईशानीने विचारलं.

“नाही गं. तू नीटच पाठ केलंस. अर्धवट मी लिहिलं होतं.”