बैठकीतली शाळा

चहाचा ट्रे घेऊन गंगासागर बैठकीच्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. टीव्हीवर तिची लेक रुचिका होती.

शाळेत कॅमेरे बसवल्याचं गावाला ठाऊक होतं. शाळा विजयसिंहदादांची, कॅमेरेही त्यांचेच. पण शाळेच्या भिंतीला भिंत लागून दादांचं घर, आणि वायर तेवढी ओढून थेट बैठकीत आणलेली, हे त्यांच्याकडं शेवया वळायला आलेल्या गंगासागरला कुठून कळणार? दादांकडं कामं घेऊन आलेली माणसं चहा येईपर्यंत वर्ग बघत बसत. आज त्यांत तिचे थोरले दीर कल्याणरावही होते.

मधली सुट्टी होती. पडद्याच्या एका चौकोनात नववीचा वर्ग. रुचिका मागच्या बाकाकडं वळून एका पोराशी बोलत होती.

"कल्याणराव, ही तुमच्या धाकट्याची ना?" शेजारी बसलेल्या सुंदररावांनी विचारलं. "काय बोलत आसंल?"

"आवाज येत न्हाई त्याला," दादा म्हणाले. "पर तोंडावरून कळतंयच की."

"लई लांबलंय बोलणं."

कुणीतरी हसलं. कल्याणराव हसले नाहीत. "युसूफ वडगाव गावच्या पाहुण्यांनी पोरीला दोनदा मागणी घातली," ते सावकाश म्हणाले. "शिकतीय म्हणून मीच थांबवलंतं. आता सांगून टाकतो, या म्हणून."

तो पोरगा गंगासागरला माहीत होता. केदारनाथ. बोलताना अडखळायचा. सगळा वर्ग कंटाळून निघून जातो, मग मी थांबते गं आई, असं रुचिकानंच सांगितलं होतं. पण थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची रीत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून त्यांना काही सांगायचं तर तिनं ते पोरांना, नाहीतर भिंतीला सांगितलेलं.

तिनं पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं बघून म्हणाली, "म्हणावं, तो केदारनाथ अडखळतो. एकेका शब्दाला येळ लागतो त्याला. दुसरं काई न्हाई."

दादांनी मान हलवली. माणूस समजूतदार.

"आसंल की अडखळत," सुंदरराव म्हणाले. "पर मग ही कावून थांबलीय त्याच्यापाशी?"

"बघू तरी," म्हणत दादांनी रिमोट उचलला. बाकीचे चौकोन गेले. नववीचा वर्ग पडदाभर झाला, रुचिकाची वेणी, तिचा कान, गळ्यातला काळा दोरा, सगळं हातभर अंतरावर आलं. चार पुरुष पुढं सरकून बसले.

तेवढ्यात त्या पोराच्या तोंडून अडकलेला शब्द बहुतेक सुटला असावा. रुचिका मान मागं टाकून हसायला लागली. घरात एवढी मोकळी हसलेली गंगासागरनं तिला कधी पाहिली नव्हती.

"नको गं बाई," ती पडद्याकडं बघत पुटपुटली, "हसू नको."