पुण्याला नकार

"काका, काल रात्री पुण्याला नाही म्हणून कळवलं," दुकान उघडताच रेवतीनं सांगितलं. तिथल्या चष्म्यांच्या मोठ्या दुकानात दीडपट पगार मिळणार होता. पण इथं कऱ्हाडात दुपारी घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना भरवता यायचं. आठवडाभर तळमळून शेवटी तिनं इथंच राहायचं ठरवलं.

दुकानाचे मालक बिडकरकाका किल्ल्या गल्ल्यावर ठेवून खुर्चीत बसले. "अगं, आता होत नव्हतं, तरी तुझ्यासाठीच दुकान रेटत होतो. तू जाणारच असं धरून काल विसार घेतला. दुकान विकलं."

तेच पुढे हळूच म्हणाले, "पुन्हा फोन करून बघ त्यांना."

"उपयोग नाही, काका. नाही म्हणताना मीच पुण्यातल्या एका मैत्रिणीचं नाव सुचवलं. ती आज रुजू होतेय."

मग ती रोजच्यासारखी कपाटाच्या काचा पुसायला लागली.